चालेलमामाचं स्टूल

चालेलमामा चपला चोरतो, अशी बातमी एकदा वसाहतभर झाली. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी त्याला समोरच्यांच्या दारापाशी घुटमळताना पाहिलं होतं, मान खाली, नजर थेट जोड्यांवर. दूधवाल्याने त्याला एका बुटाशेजारी टेप धरताना पाहिलं होतं. माप घेऊन चोरतो म्हणजे गिऱ्हाईक आधीच ठरलेलं असणार, हा तर्क पेपरवाल्याने जोडून दिला, आणि संध्याकाळ होईतो लोकांनी जुन्या बाजारात मामाच्या नावाने एक दुकानही काढून दिलं. तळमजल्यावरच्या आजोबांनी तर आपली अंगठा तुटलेली चप्पल उचलून आत नेऊन ठेवली. तिच्याकडे तोवर कुत्र्यानेही ढुंकून पाहिलं नव्हतं.

खरं एवढंच, की मामाने आजवर कोणाची चप्पल उचललेली नाही. स्वतःचीसुद्धा त्याला सापडत नाही, मामी पायाने पुढे सरकवते. तो बघत होता ती चप्पल नव्हे, चप्पल घालणारा माणूस. पण हे त्याने लोकांना सांगितलं असतं, तर चोर परवडला, असंच लोक म्हणाले असते.

मामा म्हणजे प्रस्तुत लेखिकेच्या आईचा धाकटा भाऊ, धंद्याने सुतार. फर्निचरच्या कारखान्यात तो खुर्चीचा डावा हात करायचा. फक्त डावा. उजवा करणारा दुसरा होता आणि दोघांचं बोलणं नव्हतं. अख्खी खुर्ची मामाला दिसायची ती दुसऱ्याच्या ऑफिसात, आणि तिथेही कोणीतरी तिच्यावर बसलेलं असायचं. कारखाना दुसऱ्या गावी गेला तेव्हा मामा रंधा, पटाशी आणि एक हट्ट घेऊन घरी आला: पायापासून डोक्यापर्यंत अख्खी, आपण एकट्याने केलेली आणि लोकांना लागेल अशी एक तरी वस्तू करायची.

त्याला जागा दिली थोरल्या मामांनी. थोरल्या मामांचं प्लायवुडचं दुकान आहे आणि मागे पत्र्याची शेड. बोलताना प्रत्येक वाक्याआधी ते एक ‘हं’ लावतात, जशी फळी कापण्याआधी पेन्सिलची खूण. शेड देतानाही त्यांनी अशा बऱ्याच खुणा केल्या. हं, वर्षअखेरपर्यंत वापर. हं, तुझी वस्तू चालली तर शेड तुझी. हं, नाही चालली तर टायरवाला केव्हाचा मागे लागलाय, त्याला देईन, आणि तू माझ्या काउंटरवर उभा राहा. त्या काउंटरवर उभं राहणं म्हणजे दिवसभर लोकांना प्लायच्या फळ्या दाखवायच्या आणि ‘ही जाड, ही पातळ’ म्हणायचं. मामाला त्याची इतकी धास्ती होती, की दुकानात जायचं झालं तरी तो काउंटरला वळसा घालून जायचा.

तर वस्तू. मामाचं ब्रीद असं, की गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय खिळा ठोकायचा नाही. कारखान्यात बसणाऱ्याला कोणी कधी विचारलं नाही, म्हणून तर खुर्च्या तसल्या व्हायच्या, असं त्याचं मत. त्याच्या डोक्यात एक स्टूल होतं. उघडलं की शिडी, उलटलं की टेबल, आडवं केलं की इस्त्रीची फळी, एक कप्पा ओढला की पुस्तकांचं कपाट, आणि मिटताना बोट मध्ये आलं तर उंदराचा सापळा. त्याचं चित्र काढून मामा दारोदार गेला. बेल वाजवायची, चित्र दाखवायचं आणि विचारायचं, “असं स्टूल करतोय. चालेल का?”

लोक म्हणाले, “चालेल.”

हा शब्द लिहायला सोपा आणि ऐकायला महाकठीण. गॅसवर दूध ठेवून आलेल्या बाई म्हणाल्या, “चालेल-चालेल,” याचा अर्थ दूध वर आलंय. बँकेतून निवृत्त झालेले काका म्हणाले, “चाऽऽलेल,” आणि तो ‘चा’ संपायच्या आत त्यांचे डोळे पेपरात परतले होते. नवीन जोडप्याने आधी एकमेकांकडे पाहिलं आणि मग दोघं मिळून म्हणाली, “हो, चालेल ना.” त्यातला ‘ना’ म्हणजे दाराची कडी. एक गृहस्थ मात्र “चालेल की, का नाही चालणार?” असं दिलखुलास म्हणाले. आपल्याला दमडीचा खर्च नाही याची खात्री असल्याशिवाय माणूस इतका दिलखुलास होत नसतो. मामाच्या कानात हे सगळे सूर एकाच पट्टीत शिरले. त्याने त्यांची बेरीज केली आणि घरी येऊन सांगितलं, की सगळी वसाहत आपल्या बाजूने आहे. चालेलमामा हे नाव त्याला तेव्हापासून चिकटलं.

शेडभर स्टुलं झाली. एक गेलं नाही. कोणाकडे सध्या जागा नव्हती, कोणाकडे आधीच एक होतं, आणि ते दिलखुलास गृहस्थ तर मामाला समजावून सांगू लागले, की अहो, मी चालेल म्हणालो होतो, घेईन कुठे म्हणालो होतो? थोरले मामा एकदा शेडमध्ये आले. त्यांनी सहा कामांच्या त्या स्टुलाभोवती एक फेरी मारली, मग दुसरी मारली आणि शांतपणे विचारलं, “हं. ह्यावर बसायचं कुठून?” मागोमाग टायरवाला टेप घेऊन आला आणि भिंती मोजून गेला.

मामा घरी आला तो लोकांवर करवादत. जेवताना त्याने जाहीर केलं, की माणूसजात खोटारडी आहे. मामी लाँड्रीच्या काउंटरवर बसते. माणूसजातीचे मळके कपडे ती रोज मोजून घेते, त्यामुळे या विषयावर तिचं स्वतःचं असं मत आहे, पण ते तिने मांडलं नाही. तिने फक्त विचारलं, “आपलं ठरत होतं तेव्हा तुम्ही मला काय विचारलं होतं?”

“मी चालेन का, असं.”

“मग मी काय म्हणाले?”

“चालेल म्हणालीस.”

मामीने हातातला घास संपवला, पाणी प्यायली आणि म्हणाली, “मग?”

त्यानंतर काही दिवस मामा स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखा वागला. पाणीसुद्धा विचारून घ्यायचा. पण शब्द डोक्यात शिरला होता. चालेल म्हणजे माझी हरकत नाही. हरकत नसलेल्या गोष्टी जगात पुष्कळ असतात, त्या कोणी पिशवीत घालून घरी नेत नाही.

पोटापाण्याला काहीतरी हवं, म्हणून मामा वसाहतीतली बारीकसारीक कामं घेऊ लागला. कुठे दार घासतंय, कुठे कडी बसत नाहीये. आणि दारं दुरुस्त करता करता त्याच्या लक्षात आलं, की प्रत्येक घरात दाराशेजारच्या भिंतीवर, खांद्याच्या जरा खाली, एक काळपट डाग आहे. पंजाएवढा. भिंतीला कान असतात हे त्याने ऐकलं होतं, इथे भिंतींना हात होते. घरोघरच्या बायका त्या डागाने वैतागल्या होत्या. किती वेळा रंग दिला, पुन्हा आहेच. तुम्ही सुतार आहात तर तिथे एखादी पट्टी ठोकून द्या ना, म्हणजे भिंत तरी वाचेल.

मामा उड्या मारत घरी आला. या वेळी त्याने कोणाला विचारलं नव्हतं, लोकच मागत होते. डागपट्टी! गुळगुळीत, पुसता येणारी, प्रत्येक दाराला एक. तो लगेच बसून रंग ठरवायला लागला आणि जित्याची खोड म्हणतात तसं मामीला विचारून बसला, की हिरवी चालेल का?

लाँड्रीत कोणी शर्ट घेऊन आलं, की मामीचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. गिऱ्हाईक म्हणतं, डाग काढून द्या. मामी म्हणते, कशाचा आहे ते सांगा. शाईचा असेल तर एक औषध, तेलाचा असेल तर दुसरं, आणि सांगायची लाज वाटत असेल तर तिसरं. तिने तोच प्रश्न नवऱ्याला केला.

“डाग कशाचा आहे?”

“हाताचा.”

“हात तिथे कशाला जातो?”

ते मामाला डोळ्यांनीच बघायचं होतं. म्हणून तो दुसऱ्या दिवसापासून जिन्यात उभा राहू लागला, आणि इथूनच ती चपलाचोरीची बातमी निघाली.

जिन्यातून जे दिसलं ते असं. सकाळी दार उघडतं. बँकवाले काका बाहेर येतात. डावीकडे बघतात, उजवीकडे बघतात. मग डावा तळवा भिंतीवर टेकवतात, एक पाय उचलून बगळा होतात आणि उरलेल्या हाताने बुटाशी झोंबतात. तोंडाने “हंऽ… अं… आलाच… अं… हं.” मग पाय बदलून पुन्हा तेच. दुधाच्या बाई सँडलचा पट्टा लावताना श्वास कोंडून धरतात आणि पट्टा लागला की एकदम फुस्स करून सोडतात. नवीन जोडप्यातला नवरा, वय ते काय, पण तोही भिंत धरतो आणि वर बायकोला सांगतो, की बूट घट्ट आहे. आणि मामाची चाहूल लागली की सगळेच्या सगळे भिंतीचा रंग तपासायला लागतात. काका तर एकदा भिंतीला म्हणाले, “पोपडे धरायला लागले हो.”

यातला एकही माणूस मामाला कधी म्हणाला नव्हता, की मला वाकवत नाही. म्हणणार कसा? स्वतःलाच सांगितलेलं नव्हतं. त्यांना नको होता तो भिंतीवरचा डाग, आणि डाग पडू नये म्हणून ते पट्टी मागत होते. उद्या मामाने पट्टी ठोकली असती, तर काका तिच्यावर हात टेकवून तितकेच धडपडले असते, फक्त भिंत स्वच्छ राहिली असती. हे सगळं मनात जुळवत मामा घरी निघाला, दारात चप्पल काढायला वाकला आणि आपलाच पंजा आपल्याच भिंतीवर पाहून थबकला.

मग त्याने बुटांची मापं घेतली, दारामागच्या जागा नजरेने मोजल्या आणि शेडमध्ये जाऊन कामाला लागला. सहा कामांची स्टुलं मोडून त्यांचंच लाकूड वापरलं. नवीन स्टूल अरुंद होतं, दाराच्या आड बसेल एवढं, खाली जोडे सरकवायला फळी, आणि उठताना धरायला एकाच बाजूला हात. डाव्या. आयुष्यभर दुसरं काही केलं नव्हतं, तेव्हा तो हात कसा झाला असेल ते सांगायला नको. तळवा ठेवला की बोटं आपसूक जागेवर जायची. मामाने कोणाला हे चालेल का म्हणून विचारलं नाही. पहिलं स्टूल मुकाट्याने आणून आपल्या दारात ठेवलं. मामी कामाला निघताना त्यावर बसली, सँडल घातली, हातावर भार देऊन उठली आणि म्हणाली, “हे इथेच राहू दे. मला हवंय.”

मामाने विचारलं, की फक्त स्टूल?

मामी म्हणाली, सगळं एकदम विचारू नका, आणि जिना उतरून गेली.

आता इतकं कळल्यावर माणसाने गप्प बसावं. पण मामाने थोरल्या मामांच्या दुकानात स्टूल मांडलं आणि वर मोठ्या अक्षरांत पाटी लावली, ‘गुडघ्यांसाठी खास’. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. लोक ती पाटी वाचायचे आणि आपल्याला वाचताना कोणी पाहिलं तर नाही ना, म्हणून इकडे तिकडे बघत सटकायचे. बँकवाल्या काकांनी तर बळंच सांगितलं, की ते रोज टेकडी चढतात. टायरवाला पुन्हा येऊन गेला. या वेळी त्याने बोर्ड कुठे लावायचा तेही पाहिलं.

वाट दाखवली काकांच्या बायकोने. स्टुलाच्या हातावरून तीन-चारदा हात फिरवून त्या म्हणाल्या, आमच्याकडे तसं कोणाला लागत नाही हो, पण पाहुणे येतात ना, त्यांचे फार हाल होतात. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मामाला वाक्याच्या आतलं वाक्य ऐकू आलं. तो म्हणाला, हे पाहुण्यांसाठीच केलंय. त्या म्हणाल्या, अहो मग आधी नाही का सांगायचं, हवंच होतं.

पाटी बदलली. ‘पाहुण्यांसाठी’. मग काय विचारता. दुधाच्या बाईंकडे पाहुणे, नवीन जोडप्याकडे पाहुणे, दिलखुलास गृहस्थांकडे तर गावभरचे पाहुणे. अंगठा तुटलेल्या चपलेच्या आजोबांकडे कोणी येत नाही, हे सगळ्या जगाला माहीत आहे. त्यांनीही एक नेलं, यायला लागले तर असावं म्हणून. एकेका स्टुलाला रोज सकाळी कोणीतरी पाहुणा बसायचा आणि तो अगदी घरमालकासारखा दिसायचा.

राहिले थोरले मामा. त्यांचं म्हणणं, हे वारं आहे, येईल तसं जाईल. मी असल्या वस्तूवर बसणार नाही, आणि मला पटत नाही त्याला शेड देणार नाही. शेड त्यांची, शब्दही त्यांचा. प्रस्तुत लेखिकेने तेव्हा मामाशी पैज लावली, की ते मेले तरी बसणार नाहीत. थोरल्या मामांची नक्कल ती बारकाईने करते, बूट घालतानाची तर खास: “हंऽऽ… आऽह… च्च… झालं.” त्यामुळे त्यांच्या ताठपणाची तिला पुरेपूर खात्री होती. ती जिंकली तर मामाने चारचौघांत समोर बसून स्वतःची नक्कल बघायची, हरली तर तिने थोरल्या मामांची नक्कल खुद्द थोरल्या मामांसमोर करायची, असं ठरलं.

वर्षअखेरीला थोरले मामा निकाल सांगायला मामाच्या घरी आले. चहा झाला. मामाच्या चेहऱ्यावर तो प्लायचा काउंटर स्पष्ट दिसत होता. थोरल्या मामांनी सांगितलं, की पाहुणे म्हणून म्हणून किती जण घेणार, एकदा दारोदारी झालं की संपलं, टायरवाल्याला उद्या हो म्हणतो. आणि ते उठले. त्यांचे बूट नाडीचे, आरशासारखे चकचकीत. ते दारापाशी गेले. दाराआड स्टूल होतं, भिंत नुकतीच रंगवलेली होती, आणि लेखिकेसकट खोलीतले सगळे त्यांच्याकडे बघत होते.

मामाने तोंड उघडलं. आता हा विचारणार, दादा, बसून बघ, चालेल का, असं प्रत्येकाला वाटलं. मामाने तोंड मिटलं. मग मामीकडे वळून म्हणाला, “ते माळ्यावरचं पातेलं काढायचं होतं ना? सगळे या जरा धरायला.” माळ्यावर पातेलं नव्हतं. तरी सगळे आत गेले, आणि मामीने नसलेल्या पातेल्यासाठी दोन डबे मुद्दाम जोराने आपटले.

बाहेर काही नाही. ‘हंऽऽ’ नाही, ‘आऽह’ नाही. मग लाकडाचा अगदी बारीक, समाधानी आवाज. नाडी ओढल्याचा आवाज, एक, मग दुसरी. हाताच्या लाकडावर तळवा टेकल्याचा आवाज. आणि थोड्या वेळाने दारातून, कोणाचंही नाव न घेता, “हं. टायरवाल्याला सांग जागा रिकामी नाही म्हणून. आणि एक घरी पाठव. पाहुणे येतात.”

पैजेवरून वाद झाला. लेखिकेचं म्हणणं, कोणी पाहिलं नाही, तेव्हा बसले हे सिद्ध होत नाही. मामाने फक्त एवढं विचारलं, “तू ऐकलंस ना?” ज्या कानाच्या जिवावर एवढ्या नकला केल्या, तो कान आता नाकारायचा कसा? मामाने मग अगदी गोड आवाजात सांगितलं, की येत्या रविवारी दादाकडे जाऊ, तो स्टुलावर बसलेला असेल, समोर उभं राहून करायचं, बूट घालण्यापासून सुरुवात. चालेल ना?

लेखिका म्हणाली, “चालेल.”